अभ्यासपाठ: रोजच्या वाटेवरचा किल्ला बघायचा कसा?



बैठकीत सहलीचा विषय निघाला की शिर्डी, वणी, महाबळेश्वर अशी नावं पटापट येतात. ठिकाणं चांगलीच आहेत. पण आपल्याच पालघर जिल्ह्यात वसईचा किल्ला आहे, विरारच्या पश्चिमेला समुद्रात अर्नाळ्याचा किल्ला आहे आणि नाशिक-गुजरातच्या हद्दीकडे डोंगरात जव्हारचा राजवाडा आहे. मुंबईहून माणसं सुट्टीचा दिवस मोडून ही ठिकाणं बघायला येतात. आपण मात्र, "ते काय, इथेच तर आहे," असं म्हणून पुढे जातो. वसईच्या किल्ल्यातून किल्लाबंदरला रस्ता जातो. त्या रस्त्याने मासळीची पाटी घेऊन आयुष्यभर ये-जा केलेल्या कितीतरी बायका आहेत. त्यातल्या किती जणी रस्ता सोडून आत वळल्या असतील?

घरी विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "पडक्या भिंती बघायला कशाला पैसे घालवायचे?" हा पाठ त्या प्रश्नाचं उत्तर आहे. भिंतीला प्रश्न विचारले तर भिंत बोलते. आणि प्रश्न विचारायची सवय गटाच्या बाईला लागली, की ती पुढे बँकेत आणि ग्रामसभेतही विचारते.

सोबत न्यायचे चार प्रश्न

कुठल्याही किल्ल्यात किंवा वाड्यात जाताना हे चार प्रश्न वहीत लिहून घ्या.

1. हे कुणी आणि कशासाठी बांधलं?
2. इथे पाणी आणि धान्य कुठून यायचं?
3. कष्ट कुणाचे होते?
4. आज इथे कोण राहतं आणि हे कोण सांभाळतं?

आता हेच प्रश्न घेऊन तिन्ही ठिकाणी जाऊया.

वसईचा किल्ला

1534 साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. पुढे दोनशे वर्षं इथे त्यांचं राज्य होतं. दमणपासून खाली चौलपर्यंतच्या किनाऱ्यावरचा त्यांचा कारभार इथून चालायचा. म्हणून हा नुसता लढाईचा किल्ला नाही, तटबंदीच्या आत वसवलेलं ते शहर होतं. एक दरवाजा जमिनीकडे, एक बंदराकडे. आत चर्च, मठ, बाजार, मोठमोठी घरं. आज छपरं गेली आहेत, पण कमानी आणि उंच भिंती उभ्या आहेत. सेंट जोसेफ चर्चचा मनोरा लांबूनही ओळखू येतो. जमिनीवर नीट बघितलं तर पोर्तुगीज अक्षरं कोरलेले थडग्यांचे दगड दिसतात. त्यांच्यावर पाय देऊ नका, तीही कुणाची तरी माणसं होती.

1737 साली मराठ्यांची मोहीम सुरू झाली. ती पुण्यात बसून कुणाच्या मनात आली असं नाही. अंजूरच्या गंगाजी नाईकांसारख्या इथल्याच माणसांनी गाऱ्हाणं घेऊन पेशव्यांकडे खेपा घातल्या होत्या. 1739 च्या फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत चिमाजी आप्पांनी वसईला वेढा दिला. तटाखाली सुरुंग खणले, दोन्हीकडची पुष्कळ माणसं पडली. शेवटी पोर्तुगीज शरण आले, तेव्हा तहाप्रमाणे त्यांना बायकामुलं आणि सामान घेऊन सुखरूप जाऊ दिलं. इथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी नेल्या. नाशिकला गोदावरीकाठी आहे ती नारोशंकराची घंटा वसईचीच. मोठ्या आवाजाच्या माणसाला आपण "नारोशंकराची घंटा" म्हणतो, ती हीच.

याच वसईत 31 डिसेंबर 1802 रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला आणि पेशवाई इंग्रजांच्या हाताखाली गेली. म्हणजे ज्या गावी मोठा विजय मिळाला, त्याच गावी 63 वर्षांनी सत्ता हातची गेली. तेव्हा इतिहास म्हणजे नुसता जयजयकार नाही, हेही मुलांना सांगा.

आपल्या गटांत वाडवळ आहेत, सामवेदी आहेत, कोळी आहेत, ख्रिस्ती आहेत, आदिवासी आहेत. या किल्ल्यात नागेश्वराचं देऊळ आहे, वज्रेश्वरीचं आहे, चिमाजी आप्पांचं स्मारक आहे आणि वसईत जन्मलेल्या संत गोन्सालो गार्सिया यांच्या नावाचं चर्चही आहे. त्यामुळे "हे तुमचं, हे आमचं" अशी वाटणी करत फिरायची नाही. सगळ्या जणी सगळीकडे जायचं, चप्पल काढायची तिथे काढायची आणि डोकं झाकायचं तिथे झाकायचं.

पाण्याचा प्रश्न इथे आवर्जून विचारा. तीन बाजूंनी खारं पाणी असताना शहर जगलं कशावर? आतल्या जुन्या विहिरी शोधा आणि मोजा. मग तिसरा प्रश्न घ्या. विहिरी, चुना, दगड, सुरुंग ही सगळी कामं कुणाच्या तरी हातांनी झाली. लढाईच्या वर्णनात सरदारांची नावं येतात, पाणी भरणाऱ्यांची येत नाहीत. ती का येत नाहीत, यावर तिथेच सावलीत बसून दहा मिनिटं बोला.

अर्नाळ्याचा किल्ला

वैतरणा खाडीच्या तोंडाशी बेट आहे, त्यावर हा किल्ला. खाडीतून आत जाणाऱ्या होड्यांवर नजर ठेवायची म्हणून ही जागा. सुलतान, पोर्तुगीज असे हात बदलत 1737 साली तो मराठ्यांकडे आला आणि पहिल्या बाजीरावाच्या काळात पुन्हा बांधून काढला. दरवाजावर तसा शिलालेख आहे. आत अष्टकोनी तळं आहे, तेही गोड्या पाण्याचं. समुद्राच्या मधोमध गोडं पाणी! दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे डोळ्यांसमोर आहे.

इथे चौथा प्रश्न फार महत्त्वाचा. बेटावर आजही वस्ती आहे. तिथल्या बायकांना बाजार करायचा तरी होडी आणि बाळंतपणाला जायचं तरी होडी. आपण त्यांच्या दारात पाहुण्या म्हणून जातोय, हे विसरू नका. शक्य असेल तर तिथल्या एखाद्या गटाला आधी निरोप द्या, त्यांच्याबरोबर तासभर बसा. किल्ल्यापेक्षा तो तास जास्त शिकवेल.

जव्हारचा राजवाडा

राजवाडा म्हटलं की तो परक्या, मोठ्या लोकांचा असं आपल्या मनात असतं. जव्हारला हा समज मोडतो. इथलं मुकणे राजघराणं महादेव कोळी समाजाचं, म्हणजे आदिवासी. मूळ पुरुष जायबा. त्याची गोष्ट अशी सांगतात की त्याने एका बैलाच्या कातड्यात मावेल एवढीच जमीन मागितली. ती मिळाल्यावर कातड्याच्या बारीक पट्ट्या कापल्या, त्या जोडून लांबच लांब घेर केला आणि आतली सगळी जमीन घेतली. गोष्ट खरी-खोटी कशीही असो, थोडक्याचं पुष्कळ कसं करायचं हे बचत गटाच्या बाईला वेगळं सांगायला नको.

1343 साली दिल्लीच्या सुलतानाने या घराण्याला मान्यता दिली असं मानतात. 1948 साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. म्हणजे सहाशे वर्षं! 1664 साली शिवाजी महाराज सुरतेला जाताना जव्हारवरून गेले, तिथलं शिरपामाळ आजही दाखवतात. जयविलास हा गुलाबी दगडाचा राजवाडा शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांच्या काळातला. तो खासगी मालमत्ता आहे, त्यामुळे आत जाता येईल का, कोणत्या वेळेत आणि तिकीट किती, याची चौकशी निघण्याआधी करा.

पैशांचं काय?

सहलीसाठी गटाच्या बचतीला हात लावायचा नाही. बचत आणि अंतर्गत कर्जाचा पैसा वेगळा, सहलीची वर्गणी वेगळी. समजा 20 जणींच्या सहलीला गाडी आणि जेवण मिळून 6,000 रुपये खर्च येतो. प्रत्येकीला 300 रुपये. सहा महिने आधी ठरवलं तर महिन्याला 50 रुपये. बैठकीत ठराव घ्या, वहीत वेगळं पान करा, परत आल्यावर आठ दिवसांत हिशोब वाचून दाखवा.

काही गटांत एक वाद होतो. जिचा हप्ता थकलाय तिला सहलीला न्यायचं का? माझं मत स्पष्ट आहे, न्यायचं. हप्त्याचं बोलणं हप्त्याच्या बैठकीत. सगळ्या गेल्या आणि ती एकटी मागे राहिली, तर पुढच्या बैठकीलाही ती येणार नाही. मग हप्ताही गेला आणि मैत्रीणही गेली. एखादीला 50 रुपये जड जात असतील तर तिचा वाटा कसा भरायचा, हे तिला मान खाली घालायला न लावता ठरवा.

तयारी

पावसाळ्यात अर्नाळ्याला जायचं नाही. एरवीही भरती-ओहोटीची वेळ होडीवाल्याला किंवा कोळणींना आधी विचारा. जादा माणसं भरलेल्या होडीत बसू नका. वसईच्या किल्ल्यात गवत आणि पडकी बांधकामं आहेत, तेव्हा पायात बूट किंवा पट्ट्याची चप्पल हवी आणि तटावर काठाला जायचं नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. पाण्याची बाटली प्रत्येकीकडे. शौचालय कुठे आहे हे आधी जाऊन आलेल्या ताईला विचारून ठेवा. यात लाजण्यासारखं काही नाही, त्याच एका कारणाने कितीजणी दिवसभर पाणी पीत नाहीत.

किल्ल्यातून कमाई होईल का?

होईल, पण नियम समजून. वसईचा किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. अशा वास्तूच्या आत परवानगीशिवाय माल विकता येत नाही, चूलही पेटवता येत नाही. भिंतीवर नाव कोरलं किंवा नुकसान केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तेव्हा दुकान आत नाही, गावात. येणाऱ्या माणसाला घरचं जेवण, बसायला सावली आणि बायकांसाठी स्वच्छ शौचालय लागतं. वसईची सुकेळी, सुके बोंबील, जव्हारकडची नागलीची भाकरी आणि वारली चित्रं हे सगळं आपल्याच हातचं आहे. खाण्याचे पदार्थ विकायचे तर अन्न नोंदणी करून घ्या. आणि पाहुण्याने विचारलं, "ताई, हा किल्ला कुणी बांधला?" तर "काय माहीत" असं म्हणायची वेळ येऊ नये. ज्या बाईला आपल्या गावाची गोष्ट सांगता येते, तिच्याकडे गिऱ्हाईक चार मिनिटं जास्त थांबतं.

पुढच्या बैठकीत चर्चेसाठी

1. आपल्या गावाच्या सर्वांत जवळचा किल्ला, गढी किंवा जुना वाडा कोणता? गटातल्या किती जणींनी तो आतून पाहिलाय?
2. गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला त्याबद्दल काय ठाऊक आहे? एकीने जाऊन विचारावं, दुसरीने लिहून घ्यावं.
3. सहलीची वर्गणी कोणत्या महिन्यापासून सुरू करायची? ठराव लिहा.
4. घरून परवानगी मिळायला कुणाला अडचण आहे? तिच्या घरी कोण दोघी जाऊन बोलतील?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर नावांसकट लिहा. सहल तिथूनच सुरू होते.

तुमची क्षेत्र समन्वयक