कापूस बघून फौज रंगवा

वऱ्हाडात छोटे शिपाई रंगवायचे तर ते हिवाळ्यातच. उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकला की कुंचल्यावरचा ॲक्रिलिक रंग पुतळ्यापर्यंत पोचायच्या आत सुकून बसतो. पावसाळ्यात हवा इतकी ओली, की वार्निशचा फवारा मारला की वर पांढुरका थर धरतो आणि तो पुसून निघत नाही. उरतो दिवाळी ते महाशिवरात्र एवढा काळ. रात्री दहा-बारा अंशांपर्यंत उतरणारी थंडी आणि दिवसा कोरडं ऊन. रंगाला याहून चांगली हवा मिळायची नाही. पण नेमकं याच दिवसांत इथल्या शेतकऱ्याच्या घरात हातभर जागा रिकामी नसते. या छंदाच्या परदेशी पुस्तकांत हिवाळा म्हणजे बाहेर बर्फ आणि आत दार लावून निवांत बसलेला माणूस. आपल्याकडं हिवाळा म्हणजे कापूस.

छंद कोणता, ते आधी सांगतो. टेबलावर डोंगर, नदी, गढी मांडायची, दोन्हीकडं छोट्या सैनिकांच्या पलटणी उभ्या करायच्या आणि पट्टीनं अंतर मोजत, फासे टाकत लढाई खेळायची. वॉरगेमिंग म्हणतात याला. प्रशियाच्या सैन्यात १८२४च्या सुमारास अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी हा खेळ वापरात आला. पुढं १९१३मध्ये एच. जी. वेल्सनं ‘लिटल वॉर्स’ लिहून तो घरातल्या फरशीवर आणला. सैनिक बहुधा २८ मिलिमीटरचे, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढे. ते बिनरंगी येतात आणि रंगवायचे आपणच. पुण्या-साताऱ्याकडच्या पोरांना दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्यांमुळं याची थोडीफार सवय असते. आमच्या विदर्भात हौस फिटते ती तान्ह्या पोळ्याच्या लाकडी बैलावर.

माझी फौज १८०३ची आहे. इतकं सगळं जग पडलं असताना मी नेपोलियनच्या मागं का लागलो नाही, असं एकानं विचारलं होतं. नेपोलियनला ज्यानं १८१५मध्ये वॉटर्लूला हरवलं, तो वेलस्ली आधी आमच्याच मुलखात लढला होता, म्हणून. १८०३च्या २३ सप्टेंबरला असईची लढाई झाली. मग २९ नोव्हेंबरला अकोला जिल्ह्यातल्या अडगावला नागपूरकर भोसल्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेशी गाठ पडली. १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला आणि लगेच १७ तारखेला देवगावचा तह झाला. आमच्या गावाहून, मोझरीहून, सकाळी निघालो तर संध्याकाळपर्यंत गाविलगड पाहून घरी येता येतं. ज्या तटाचा नमुना थर्माकोलमध्ये कापायचा, तो हात लावून पाहता येतो, ही चैन युरोपातल्या लढाया मांडणाऱ्याला इथं बसून मिळत नाही.

आता जागेचं. मी सुरुवातीला मागची खोली घेतली होती. खिडकी उत्तरेला, दार बंद होणारं, एक जुनं टेबल. वाटलं, झालं काम. महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवापर्यंत सगळं ठीक चाललं. तुकडोजी महाराजांनी १९३५मध्ये गुरुकुंज आश्रम उभा केला, आणि आश्विन वद्य पंचमीच्या त्या आठवड्यात गावात माणूस मावत नाही. त्या दिवसांत माझ्या टेबलावर पाहुण्यांच्या पिशव्या आल्या. त्याचं काही नाही, ते दरवर्षीचंच. पण दिवाळी झाली, वेचा सुरू झाला आणि भाव वाढेल या आशेनं कापूस घरातच टाकायचं ठरलं. एका संध्याकाळी घरी आलो तर मागची खोली कंबरेपर्यंत पांढरी. मी काही बोलायच्या आत आईनंच विचारलं, “काऊन रे, कापूस कुठी टाकू मंग? तुह्या बाहुल्यायले भाव हाय का बजारात?”

यावर उत्तर नव्हतं. मग कापसाच्या ढिगाशेजारी हातभर जागा करून बसलो. त्याचा परिणाम असा, की वार्निश ओलं असताना हवेतली रुई येऊन पुतळ्यांवर बसली. एकेक तंतू केसाहून बारीक, पण २८ मिलिमीटरच्या माणसावर तो दोरखंडासारखा दिसतो. चिमट्यानं ओढला तर खालचा रंग घेऊन निघतो, तसाच राहू दिला तर वार्निश त्याला कायमचा धरून ठेवतं. भोसल्यांच्या घोडदळाची एक अख्खी तुकडी अशी केसाळ झाली आणि शेवटी थिनरमध्ये बुडवून धुवावी लागली. घरात साठवलेल्या कापसातून लाल ढेकण्या निघतात, अंगाला खाज सुटते, ते वेगळंच. हात खाजवत बारीक रेघ मारून बघा एकदा.

पण रुई आणि खाज यांचं सोडून द्या. कापूस भरलेल्या खोलीत स्प्रेचा डबा, थिनर आणि टर्पेंटाइन आणू नका. हे मी फार गंभीरपणे सांगतोय. स्प्रेच्या डब्यातला दाबाचा वायू बहुतेक वेळा पेट घेणारा असतो, आणि थंडी म्हणून दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत त्याची वाफ साचून राहते. एक ठिणगी, एक उदबत्ती पुरे. कापूस जळतो तेव्हा आधी ज्वाळा दिसतेच असं नाही, आतल्या आत धुमसत राहतो. वर्षाची कमाई असते ती. कापूस नसला तरी बंद खोलीत फवारा मारून डोकं धरून बसलेले लोक मला माहीत आहेत. फवारणी अंगणात, पुतळे खोक्यात उभे करून, तोंडाला मास्क बांधून. वेळ सकाळी अकराच्या पुढची. त्याआधी दंव असतं आणि दहा अंशांच्या खाली ॲक्रिलिकचा थर नीट जमत नाही. डबा पुतळ्यापासून वीतभर लांब धरा. भर उन्हात मात्र नको, कारण तुषार हवेतच सुकतात आणि शिपायाच्या तोंडावर देवीचे वण उठल्यासारखी खरखर येते.

खोली गेली ते एका अर्थी बरंच झालं. अमरावतीच्या जुन्या बाजारात अडत्याकडचं मुनीमजींचं बैठं डेस्क मिळालं, उतरतं झाकण आणि खाली पेटी असलेलं. गावच्या सुतारानं झाकणाला आडवी पट्टी ठोकून दिली, नाहीतर रंगाच्या बाटल्या घसरत होत्या. आता पाहुणे आले, कापूस आला, लग्नाचं सामान आलं, तरी झाकण लावायचं आणि डेस्क माळ्याखालच्या कोपऱ्यात सरकवायचं. नव्यानं सुरू करणाऱ्याला माझं हेच सांगणं आहे. वेगळी खोली, मोठं टेबल, भिंतीवर बाटल्यांची मांडणी, हे सगळं बघायला छान असतं. वऱ्हाडातल्या नांदत्या घरात टिकते ती दोन मिनिटांत बंद होणारी आणि एका माणसाला उचलता येणारी जागा. फक्त जमिनीवर पोक काढून तासन् तास बसू नका. डेस्क दिवाणावर ठेवा आणि दोन्ही कोपरं कडेला टेकवा. हात थरथरतो असं पुष्कळ जण म्हणतात, पण बहुतेकांचं कोपर अधांतरी असतं. पुतळा बोटांत धरू नये, औषधाच्या बाटलीच्या झाकणाला दुहेरी टेपनं चिकटवावा आणि झाकण धरावं.

उजेडाचं मला ७८व्या पलटणीनं शिकवलं. वेलस्लीच्या सैन्यात ७४वी आणि ७८वी अशा दोन स्कॉटिश पलटणी होत्या. दोघींचे कोट लाल, फरक कॉलर आणि बाहीच्या पट्ट्यांचा: ७४वीच्या पांढऱ्या, ७८वीच्या फिकट बदामी. पिवळ्या बल्बखाली हे दोन रंग एकच दिसतात. रात्री बसून दोन्ही पलटणी पुऱ्या केल्या आणि सकाळी ओट्यावर आणल्या, तर निम्मे शिपाई भलत्याच पलटणीत भरती झालेले. तेव्हापासून पांढऱ्या एलईडीचे दोन दिवे डाव्या-उजव्या बाजूंना लावतो, म्हणजे स्वतःच्याच हाताची सावली पडत नाही. वीज गेली की काम थांबवायचं. मोबाइलच्या टॉर्चवर रंगवलेलं सगळं पुन्हा करावं लागतं.

पाण्याकडंही बघा. दर्यापूरकडच्या एका मित्राच्या शिपायांवर सुकल्यावर पांढरी बुकटी यायची. रंग बदलून झाले, कुंचले बदलून झाले. पूर्णाकाठचा तो सगळा खारपाणपट्टा, बोअरचं पाणी क्षारानं भरलेलं. तेच पाणी रंगात जात होतं. प्यायच्या फिल्टरचं पाणी घेतलं आणि बुकटी गेली. कोरड्या हवेत रंग ताटलीत सुकू नये म्हणून डब्याच्या झाकणात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि वर रंग अशी सोय करा, रंग दुसऱ्या दिवशीपर्यंत ओला राहतो. चहाचा कप आणि कुंचला धुवायचा कप यांचे आकार वेगळे ठेवा, म्हणजे पुढचं सांगायची गरज पडणार नाही. कुंचल्याला टोक काढायला तो जिभेवर फिरवायची सवय मात्र पहिल्याच दिवशी मोडा. काही रंगद्रव्यं विषारी असतात, आणि जुन्या धातूच्या पुतळ्यांत शिसं असतं. त्यांना कानस लावली तर ती भुकटी घरातल्या लेकराच्या तोंडात जाऊ शकते. घासायचं असेल तर ओलं करून घासा, खाली वर्तमानपत्र पसरा आणि नंतर हात साबणानं धुवा.

नागपूरच्या चितार ओळीत एका म्हाताऱ्या कारागिराला मी माझे शिपाई दाखवले होते. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी तिथं सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात मुरलेल्या हातानं होते. त्यांनी शिपाई डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि म्हणाले, “याले डोये कायले काढले जी? इतक्या दुरून माणसाचे डोये दिसते का?” त्यांचं बरोबर होतं. या मापाला काढलेले डोळे बटाट्यासारखे बाहेर येतात. भुवईखाली तपकिरी सावली सोडली की पुरे. बारीक काम म्हणजे चांगलं काम असा आपला एक समज असतो, आणि त्यापायी पहिल्या हिवाळ्यात चारच शिपाई पुरे होतात.

हिवाळ्याचा बेत आखताना फौजेच्या कपड्यांकडं बघा. लाल कोटांची पलटण रांगेनं रंगवता येते: आज सगळ्यांचे कोट, उद्या सगळ्यांच्या विजारी, परवा बंदुका. भोसल्यांच्या फौजेत तसं नाही. प्रत्येकाचा अंगरखा वेगळा, पगडी वेगळी, त्यात अरब शिपाई निराळे आणि घोड्यांचे रंगही निराळे. तितकेच पुतळे असले तरी वेळ कितीतरी जास्त जातो. पण मन भोसल्यांकडं ओढतं, म्हणून सगळे तिथूनच सुरू करतात, थकतात आणि संक्रांतीला दोन्ही फौजा अर्ध्या राहतात. पाच लाल कोटवाले झाले की दोन भोसले, असं आलटून पालटून चाला. बेत महोत्सव आणि दिवाळी आटोपल्यावरच सुरू होतो असं धरा. तुळशीच्या लग्नानंतर घरोघरी लग्नं निघतात, डिसेंबर-जानेवारीत तूर निघते, मधे कुठं हुरडा. उरलेल्या संध्याकाळी मोजा आणि त्याच्या निम्म्या धरा. तेवढ्यात जितके बसतील तितकेच पुतळे मागवा. कुरियर आणि कस्टमचा खर्च वाचावा म्हणून एकदम मोठी खरेदी करणाऱ्यांच्या घरी मी बिनरंगी फौजांची पोती पाहिली आहेत. ती कापसासारखी भाव वाढला म्हणून विकतासुद्धा येत नाहीत.

मोठी लढाईच मांडली पाहिजे असंही नाही. गाविलगडाचंच घ्या. बाहेरच्या तटाला तोफांनी खिंडार पडलं, पण आतला तट शाबूत होता. तेव्हा ९४व्या पलटणीतली एक तुकडी शिड्या लावून आतल्या तटावर चढली आणि तिनं आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. एवढा एक प्रसंग मांडायला तटाचा एक तुकडा, दोन शिड्या आणि दोन्हीकडचे वीस-वीस शिपाई पुरतात, आणि ते एका हिवाळ्यात होतात. शेवटचं वार्निश माघात, कापूस गाडीत भरून गेल्यावर आणि खोली झाडून घेतल्यावर मारावं. होळीच्या आत फौज टिनाच्या छपराखालून खाली आणून कपाटात ठेवा. मे महिन्यात त्या छपराखाली प्लॅस्टिकच्या तलवारी वाकतात.

आणि रंगवाल तर दोन्ही बाजू तुम्हीच रंगवा. आमच्याकडं खेळायला येणारी पोरं सगळी बेनीसिंग व्हायला तयार असतात. वेलस्ली व्हायला कोणी म्हणून तयार होत नाही. आता आम्ही चिठ्ठ्या टाकतो, आणि ज्याला वेलस्ली निघतो त्याला संत्र्याची जास्तीची फोड देतो.