‘सब चलेगा’वर कार्ड घेऊ नका

‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ हे नाव कागदावर लिहून मी विचारलं होतं, हा गेम चालेल ना? लखनऊच्या हजरतगंजातल्या एका दुकानदाराने जीटीएक्स १६६० सुपर या ग्राफिक्स कार्डाचा खोका पुढे सरकवला. “भाईसाहब, सब चलेगा. रे ट्रेसिंग भी. बस ड्राइवर डाल लीजिए.” घरी कार्ड बसवलं, ड्रायव्हर टाकला, तरी गेम सुरूच होईना.

परत गेलो तर त्याने मोबाइलमधून मानही वर केली नाही. “खुला माल वापस नहीं होता. गेम में दिक्कत होगी.” हे दुसरं वाक्य मला अजून सलतं. नाझा मार्केटमधल्या एका दुरुस्तीवाल्याने खोक्यावरचं नाव वाचूनच सांगितलं, “इसमें आरटी कोर है ही नहीं.”

दुकानदाराचं बोलणं धादांत खोटं नव्हतं, अर्धं खरं होतं, म्हणून जास्त चीड येते. एप्रिल २०१९मध्ये एनव्हिडियाने ड्रायव्हरमधून काही जीटीएक्स कार्डांवरही रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांचा हिशेब करून प्रकाश-सावल्या दाखवणं, सुरू करून दिलं. पण रे ट्रेसिंगसाठीचे स्वतंत्र आरटी कोर नसल्याने तिथे ते रखडतं. शिवाय डिसेंबर २०२४मध्ये आलेल्या या गेमला रे ट्रेसिंगचं हार्डवेअर कार्डातच लागतं.

नवी सोय आधी सेटिंगमधलं एक बटण म्हणून येते. २०१८च्या नोव्हेंबरात ‘बॅटलफील्ड ५’मध्ये रे ट्रेसिंग तसंच आलं, जुन्या कार्डवाल्यांनी बटण बंद ठेवून खेळावं. त्यासाठी स्टुडिओला प्रकाश-सावल्यांची जुनी आणि नवी, दोन्ही कामं करावी लागतात. पुढे जुनं काम बंद होतं आणि बटणाची सक्ती होते. ‘मेट्रो एक्सोडस’ फेब्रुवारी २०१९मध्ये साध्या कार्डावर चालत होता. मे २०२१च्या त्याच्याच नव्या आवृत्तीला रे ट्रेसिंगचं कार्ड अनिवार्य झालं.

म्हणून गेमच्या पानावरची ‘किमान गरज’ स्वतः वाचा. ‘हार्डवेअर रे ट्रेसिंग’ किंवा ‘मेश शेडर’ अशी कार्डातच लागणारी सोय लिहिली असेल तर ड्रायव्हरच्या भरवशावर राहू नका. जीटीएक्स १६६० आणि आरटीएक्स २०६० यांची घडण एकाच ट्युरिंग पिढीची आहे. आरटी कोर फक्त दुसऱ्यात आहेत. दुकानदार ‘चलेगा’ म्हणाला तर सेकंदाला किती फ्रेम, ते विचारा. घाई करू नका, पक्कं बिल घ्या. बिलावर कार्डाचं पूर्ण नाव आणि ‘अमुक गेम न चालल्यास परत’ एवढं लिहून घ्या. लिहून द्यायला कां-कूं केली तर उठा, दुकानं पुष्कळ आहेत. फसवणूक झालीच तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. मी तिथे तक्रार नोंदवली आहे आणि ती मागे घेणार नाही.