नऊशे किलोमीटरची वसुली

मीटर ५४६ किलोमीटर दाखवत होतं आणि बिलात लिहिले होते ९००. मार्चअखेरच्या उन्हात नागपूर विमानतळाबाहेर आमचे हे ट्रॅव्हल्सवाल्याशी फोनवर भांडत होते आणि मी गाडीच्या डाव्या दाराकडे बघत होते. तिथे आरशाच्या जागी नुसता दांडा उरला होता. भांडण आधीच हरलेलं होतं. महिन्यापूर्वी व्हॉट्सॲपवर आलेल्या कोटेशनमध्ये ‘मिनिमम ३०० किमी प्रतिदिन, गॅरेज टू गॅरेज’ असं स्वच्छ लिहिलं होतं. आम्ही पाचही जणांनी ते वाचलं होतं, अर्थ मात्र एकानंही लावला नव्हता.

माझं माहेर भंडाऱ्याचं. खरी चूक तिथूनच सुरू झाली, कारण माहेरी जाताना कोणी चौकशी करत नाही. पुण्यात संसार करून तीस-बत्तीस वर्षं झाली, तरी आपल्याला तिकडचं सगळं ठाऊक आहे अशी माझी समजूत. दीर, जाऊ आणि पुतण्या यांनी मात्र भंडारा फक्त माझ्या तोंडून ऐकलेला. पुतण्या वर्षभरापूर्वी मित्रांबरोबर नाशिकच्या द्राक्षबागा आणि वाइनरी फिरून आला होता. ड्रायव्हरसकट गाडी, गंगापूर धरणाकाठी दिवसभर चाखत-माखत हिंडणं, संध्याकाळी हॉटेलवर परत. “काकू, तुमच्याकडेही तसंच करू. आपण मागे निवांत बसू,” म्हणाला. मी म्हटलं, आमच्याकडे द्राक्ष नाही, मोह आहे. तो हसला. पण ठरलं.

गाडी नागपूरहून घेतली. पुतण्यानं विमानाची तिकिटं काढून टाकली होती, आणि नागपूरच्या गाड्या चांगल्या असतात असं दिरांचं मत. चौदा रुपये किलोमीटर, ड्रायव्हरचा भत्ता दिवसाला चारशे, टोल-पार्किंग वेगळं. स्वस्तच वाटलं.

आता भंडारा जिल्हा नकाशावर बघा. नागपूरहून भंडारा साठेक किलोमीटर. भंडाऱ्याहून तुमसर तीस-बत्तीस, साकोली चाळीस, पवनी पंचेचाळीस. सात तालुक्यांचा हा जिल्हा. १९९९ मध्ये गोंदिया वेगळा झाल्यावर तर आणखी आटोपशीर झाला. इथे पाहायचं ते तळ्याच्या पाळीवर बसून, गडाच्या पायऱ्या चढून, विणकराच्या मागाशेजारी उभं राहून. गाडी दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर धावते आणि बाकी वेळ सावलीत उभी असते. तीनशेचा नियम मुंबई-गोवा किंवा नागपूर-पचमढीसारख्या लांब पल्ल्याला ठीक आहे. भंडाऱ्यात तो लावून घेणं म्हणजे पोतंभर धानाचे पैसे देऊन पायलीभर घरी नेणं. वर ‘गॅरेज टू गॅरेज’ची गंमत अशी की, मोजणी तुम्ही बसता तिथून नाही, गाडी मालकाच्या दारातून निघते तिथून सुरू होते.

विमानतळावर आलेली गाडी पांढऱ्या पाटीची होती, म्हणजे खासगी. ठरलेली पिवळ्या पाटीची गाडी ‘ऐन वेळी गॅरेजला गेली’ म्हणे. मालकानं फोनवर एवढंच सांगितलं, “कोणी विचारलं तर मित्राची गाडी आहे म्हणा.” मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, मुलांना खोटं बोलू नका म्हणून छड्यासुद्धा मारल्या. पण सामान डिकीत गेलं होतं, ऊन चढत होतं, आणि आम्ही पाच जण निमूटपणे ‘मित्राच्या’ गाडीत बसलो. तेव्हा ही बाब मला फक्त नियमाची वाटली होती. भाड्यानं प्रवासी न्यायला परवाना लागतो आणि अशा गाडीची पाटी पिवळी, अक्षरं काळी असतात, एवढं मला माहीत होतं. खासगी गाडीच्या विम्यात भाड्यानं माणसं नेण्याचा वापर वगळलेला असतो, हे नंतर कळलं. अपघात झाला असता तर विमा कंपनीनं पहिलं बोट पाटीकडेच दाखवलं असतं.

पहिला दिवस पवनीचा. ड्रायव्हर विशीतला, अदबशीर, पण नागपूरच्या पलीकडचं त्याला काही ठाऊक नव्हतं. पवनी म्हटल्यावर तो थेट गोसीखुर्दकडे निघाला. १९८८ च्या एप्रिलमध्ये राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झालेलं हे वैनगंगेवरचं धरण बघावं असंच आहे. पण मला आधी पवनीतली जगन्नाथ टेकडी दाखवायची होती. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्यानं तिथे उत्खनन केलं आणि दोन हजार वर्षांहून जुन्या बौद्ध स्तूपाचे अवशेष निघाले. फोनमधल्या नकाशानं आम्हाला एका कालव्याच्या कच्च्या रस्त्यावर नेऊन सोडलं. तिथून उलट यायला पाऊण तास गेला. टेकडीवर पोहोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. जावेनं मोबाइलच्या उजेडात विटा पाहिल्या.

रात्री भंडाऱ्यात जेवताना यांनी कागदावर हिशेब मांडला. दीडशेच झाले होते. “म्हणजे आज दीडशे किलोमीटरचे पैसे फुकट गेले,” हे म्हणाले. दिरांनी मान डोलावली. तिथून पुढे ही सहल आमची राहिली नाही, त्या उरलेल्या किलोमीटरांची झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निघालो. मोहाडीची चौंडेश्वरी. मग आंधळगावात कोशाचे माग. ऐन-अर्जुनाच्या पानांवर पोसलेल्या किड्याचं हे रेशीम, त्याच्या रंगाला मध म्हणावं की माती, हे मला लहानपणापासून ठरवता आलेलं नाही. जाऊ तिथे दोन तास रमली असती. यांनी वीस मिनिटांत उठवलं. तुमसरच्या पुढे आंबागड, देवगडच्या बख्त बुलंद शाहाच्या काळातला, १७०० च्या सुमाराचा किल्ला. तोही धापा टाकत उरकला. दुपारी भंडाऱ्याला जेवून साकोली. मुक्काम नागझिऱ्याच्या पिटेझरी फाटकाजवळच्या रिसॉर्टवर. तिथे चारला पोहोचून पाय पसरायचे होते, कारण पहाटेची सफारी होती. पण यांना आठवलं मारुती चितमपल्लींचं नवेगावबांधवरचं लिखाण. साकोलीपर्यंत आलो आणि नवेगावबांध न बघता परत गेलो तर काय, आणि किलोमीटर तर आपलेच आहेत!

नवेगावबांध गोंदिया जिल्ह्यात, पण साकोलीहून जवळ. कोलू पाटील कोहळ्यानं बांधलेलं ते तळं मावळतीला बघितलं आणि खरं सांगते, पाच मिनिटं आम्ही सगळे गप्प होतो. कोहळी समाजानं बांधलेल्या तळ्यांवरच आमच्या भागातलं धान उभं राहिलं. मालगुजारी गेल्यावर हीच तळी ‘माजी मालगुजारी’ झाली आणि सरकारी कागदांतून लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’ म्हणून रुळली. परत साकोली, तिथून अंधाऱ्या जंगल रस्त्यानं पिटेझरी. रिसॉर्टवर पोहोचायला साडेनऊ झाले. ड्रायव्हर चौदा तासांहून जास्त कामावर होता.

त्याची झोपायची सोय काय, हे आमच्यापैकी कोणी विचारलं नव्हतं. भत्ता दिला म्हणजे सोय झाली, असं आपण धरून चालतो. रिसॉर्टवाल्यानं ड्रायव्हरसाठी सहाशे रुपयांची खोली आहे म्हणून सांगितलं. मालक फोनवर म्हणाला, भत्त्यातच येतं ते. पोरगा म्हणाला, “राहू द्या काकू, गाडीत झोपतो.” मी त्याचं ऐकलं. त्या सहलीत मी केलेली सगळ्यात वाईट गोष्ट हीच. शहाणपण होतं, पैसे होते, फक्त जेवणाची घाई होती.

पहाटे साडेचारला जिप्सी आली. ड्रायव्हरला रिसॉर्टच्या आवारातून गाडी हलवायला उठवलं, मग तो जागाच राहिला. जंगलात आम्ही गवे पाहिले, रानकुत्र्यांची टोळी पाहिली, वाघ नाही. परतताना रस्त्याच्या कडेला बायका टोपल्या घेऊन मोहफुलं वेचत होत्या. फुलं रात्री उमलतात आणि पहाटे गळतात. झाडाखाली पिवळट मोत्यांचा सडा पडतो आणि गोडसर, थोडा आंबूस वास गाडीच्या बंद काचेतूनही आत येतो.

साडेदहाला नागपूरकडे निघालो. साकोली आणि लाखनीच्या मध्ये मोहघाट्याचं जंगल लागतं. गाणी बंद होती, मागे सगळे पेंगत होते. मी पुढे बसले होते. गाडी हळूच डावीकडे सरकू लागली, म्हणून मी त्याच्याकडे पाहिलं. डोळे उघडे होते, पण त्यांत कोणी नव्हतं. मी किंचाळले. त्यानं स्टीअरिंग ओढलं, कडेच्या खांबाला आरसा घासून तुटला, काचा आत उडाल्या, आणि गाडी मातीच्या पट्ट्यात थांबली. कोणाला खरचटलंही नाही. मागून येणारा ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला. तो दहा सेकंद आधी आला असता तर हा लेख लिहायला मी नसते.

पोरगा थरथरत होता. “काकू, रात्रभर डास चावून राह्यले होते, झोप आलीच नाही. तुम्हाला कसं सांगू?” पुढे सावकाश लाखनीपर्यंत आलो, एका चहावाल्याच्या मागच्या बाजूला बाज मागितली आणि त्याला दोन तास झोपवलं. हे म्हणाले, उशीर होईल. मी आयुष्यात पहिल्यांदा यांना चारचौघांत गप्प बसा म्हटलं.

पुढच्या वर्षी आम्ही परत गेलो, वेगळ्या तऱ्हेनं. पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस गोंदियापर्यंत जाते आणि भंडारा रोडला थांबते. हे स्टेशन वरठीला आहे, भंडारा शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर. तिथेच भंडाऱ्याची गाडी बोलावली. ‘आठ तास, ऐंशी किलोमीटर’ असं लोकल पॅकेज मिळतं. जादा तास आणि जादा किलोमीटर यांचा दर आधी लिहून घ्या. मुक्कामाचा दिवस वेगळा ठरवा. मोजणी कुठून सुरू होते ते विचारा. गाडी येण्याआधी तिचा पाटीसकट फोटो मागवा आणि पाटी पांढरी दिसली तर सामान डिकीत जाण्याआधी नाही म्हणा, नंतर धीर होत नाही. तुमसरहून बालाघाटकडे जायचं असेल तर मध्य प्रदेशची हद्द लागते. परमिट महाराष्ट्रापुरतं आहे की ऑल इंडिया, हे घरूनच विचारून ठेवा, म्हणजे कर कोणी भरायचा यावर वाद होत नाही.

स्थानिक ड्रायव्हर घेण्याचं कारण केवळ स्वस्ताई नाही. शिवनी नावाची गावं आमच्याकडे पावलोपावली आहेत. शिवनीबांध म्हटल्यावर कोणती, हे भंडाऱ्याच्या माणसाला विचारावं लागत नाही. कोका आणि पिटेझरीच्या रस्त्यांवर फोनचं नेटवर्क जातं, त्याच्या डोक्यातलं जात नाही. आणि संध्याकाळी धानाच्या ट्रॉल्या मागच्या दिव्याशिवाय रस्त्यावर असतात, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं.

पुतण्याच्या मोहाबद्दल थोडं. नाशिकला वाइनरीत बसून प्यायला परवाना असतो. इथे गावात कोणी ‘पहिल्या धारेची’ बाटली देऊ केली तर तो पाहुणचार असतो, पण कायद्यानं ती हातभट्टी आहे. ती बाळगणं आणि वाहून नेणं दोन्ही गुन्हा, गाडीही जप्त होऊ शकते, आणि त्यात भरडला जातो तो ड्रायव्हर. लाखांदूरच्या पुढे वडसा म्हणजे गडचिरोली जिल्हा, तिथे १९९३ पासून दारूबंदी आहे, त्यामुळे सीलबंद बाटलीही नको. मोह चाखायचाच असेल तर वाळवलेली फुलं घ्या. दुधात शिजवून सुंदर लागतात. पुतण्याला आवडली नाहीत, तो भाग वेगळा.

जायचं तर मार्चचा शेवटचा आठवडा उत्तम. सफारीचं आणि रिसॉर्टचं बुकिंग करता तेव्हाच ड्रायव्हरच्या खोलीचे पैसे भरा आणि पावतीवर तसं लिहून घ्या. “आले की बघू” असं उत्तर मिळालं तर फोन ठेवा आणि दुसरीकडे लावा.