पाट कोठे फुटला?

नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली हे एक लहानसे आदिवासी गाव. २९ सप्टेंबर २०१० या दिवशी देशातील पहिले आधार क्रमांक याच गावात दिले गेले. तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग त्या समारंभास उपस्थित होते. हा क्रमांक बारा अंकी असतो. परंतु तो नुसता कागदावर असून भागत नाही. शिधावाटप दुकानात मनुष्य यंत्रावर अंगठा ठेवतो, तेव्हा त्या अंगठ्याची खूण दूरच्या संगणकाकडे जाते आणि ‘हाच तो मनुष्य’ असे उत्तर परत येते. हे जाणे-येणे ज्या वाटेने होते, ती वाट म्हणजे इंटरनेट. वाट बंद पडली की रांग थांबते. घरातील संगणकाचेही तसेच आहे. ही वाट अडली, तर अडथळा कसा शोधावा, हे आज आपण पाहू.

मुलांनो, एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. शहाद्यातील एक घर. आषाढातील सायंकाळ. वारा सुटला, पाऊस आला आणि घरातील खिडक्या घाईघाईने लावण्यात आल्या. दादाला शिष्यवृत्तीचा अर्ज त्याच रात्री बाराच्या आत पाठवायचा होता. आणि नेमके तेव्हाच इंटरनेट बंद पडले. दादाने संगणकाच्या दहा कळा दाबल्या, दोन तारा उपसून पुन्हा खोचल्या. शेवटी तो राउटरच्या पाठीमागील बारीक छिद्रात टाचणी घालू लागला.

“थांब!” आबा म्हणाले. “शेवटच्या वाफ्यात पाणी आले नाही, तर आपण विहिरीवरची मोटार फोडतो काय? आधी पाटाच्या कडेने चालत जातो आणि पाट कोठे फुटला ते पाहतो.”

आबांचे म्हणणे अनुभवाचे होते. खानदेशात पांझरा नदीच्या काठी फड पद्धतीची शेती शतकानुशतके चालत आली. तेथे पाणी वाटून देणारा पाटकरी असतो. त्याला पाटाचे प्रत्येक वळण ठाऊक असते. म्हणून पाणी कोठे अडले असेल, याचा त्याला अदमास येतो. इंटरनेटचाही असाच एक पाट आहे. सेवा देणाऱ्या कंपनीकडून तार घरात येते, तार राउटरला मिळते आणि राउटरपासून संगणकापर्यंतचा शेवटचा टप्पा वाय-फायच्या अदृश्य लहरी पार करतात. राउटर म्हणजे वाटाड्या. कोणती माहिती कोणत्या वाटेने धाडावी, हे तो ठरवतो.

सातवीत शिकणाऱ्या धाकट्या बहिणीला आबांचा विचार पटला. तिने विचारले, “दादा, मोबाइलचे स्वतःचे इंटरनेट बंद कर आणि केवळ आपल्या वाय-फायवर काही उघडते का पाहा.”

“काहीच उघडत नाही,” दादा म्हणाला.

“मग दोष संगणकाचा नसावा. दोन्ही यंत्रे एकाच क्षणी कशी बिघडतील? पाट वरच कोठेतरी अडला आहे.”

ती राउटरपाशी गेली. विजेचा दिवा हिरवा होता. परंतु ‘एलओएस’ ही इंग्रजी अक्षरे लिहिलेला दिवा लाल होता. बाहेरून प्रकाश येत नाही, अशी ही खूण. होय, प्रकाशच! अशा तारेच्या पोटात केसासारखा बारीक काचेचा तंतू असतो. त्यातून प्रकाशाच्या लुकलुकीच्या रूपाने माहिती धावते. काचेमध्ये प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर असतो. मात्र तंतू फार वाकला, तर प्रकाश वळणावरच बाहेर निसटतो.

बहीण तारेच्या मागोमाग निघाली. तार भिंतीवरून खिडकीशी आली होती, आणि पावसासाठी लावलेल्या खिडकीच्या दाराखाली ती दुमडून दबली होती! तिने हलक्या हाताने दार उघडले व तार सरळ केली. थोड्याच वेळात लाल दिवा विझला. साडेनऊला अर्ज रवाना झाला.

दादाने टाचणी दाबली असती, तर काय झाले असते? त्या छिद्रातील कळ राउटरमधील कंपनीचे खातेनाव, परवलीचा शब्द इत्यादी सर्व नोंदी पुसून टाकते. मग तार मोकळी होऊनही इंटरनेट चालू झाले नसते. एक दोष शोधताना दादाने दुसरा निर्माण केला असता.

प्रत्येक वेळी दोष तारेतच असेल असे नाही. मोबाइल चालतो आणि संगणक चालत नाही, तर दोष संगणकात शोधावा. त्याचे वाय-फाय चुकून बंद झालेले असू शकते. राउटरजवळ नेल्यावर संगणक नीट चालतो, तर अंतर किंवा जाड भिंत आड येते असे समजावे. राउटर हाही एक छोटा संगणकच असल्याने कधी तो स्वतःच अडकून पडतो. अशा वेळी त्याची वीज बंद करून अर्धा मिनिट थांबावे व पुन्हा चालू करावी. याने नोंदी पुसल्या जात नाहीत.

जाणकार लोक ‘पिंग’ नावाची आज्ञा वापरतात. अमेरिकेतील माइक म्यूस यांनी ती १९८३ साली तयार केली. संगणक दुसऱ्या संगणकाला जणू हाक मारतो आणि ‘ओ’ येते का ते पाहतो. प्रथम राउटरला हाक द्यावी, मग ८.८.८.८ सारख्या दूरच्या क्रमांकाला. क्रमांक उत्तर देतो, परंतु संकेतस्थळाच्या नावाने काही उघडत नाही, तर नावावरून क्रमांक शोधून देणारी व्यवस्था अडली आहे असे बहुधा समजावे.

या सर्वांत नियम दोनच. जवळून दूर जावे आणि एका वेळी एकच बदल करावा. दहा बदल एकदम केले, तर कशाने गुण आला हे कळत नाही.

तथापि घराबाहेर तार तुटली असेल, तर आपली मर्यादा ओळखावी. तुटलेली तार हाताळू नये, तिच्या टोकाशी डोळा नेऊ नये. कंपनीला कळवताना ‘नेट चालत नाही’ एवढेच न सांगता, ‘राउटरला वीज आहे, लाल दिवा लागला आहे, दोन्ही यंत्रे बंद आहेत’ असे नेमके सांगावे. सातपुड्यातील अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांत पाडे विखुरलेले आहेत. तेथे दुरुस्तीस जाणाऱ्याला डोंगरवाट चढावी लागते. योग्य ते साहित्य बरोबर नेले, तर त्याची खेप वाचते आणि दुकानापुढे उभ्या असलेल्या माणसाला त्याचे धान्य वेळेवर मिळते.

अभ्यास

१. दोष संगणकात नाही, हे बहिणीने कशावरून ओळखले?
२. राउटरची वीज बंद करणे व छिद्रातील कळ दाबणे यांत कोणता फरक आहे?
३. पाटकरी आणि बहीण यांच्या कामातील साम्य सांगा.
४. आपल्या घरातील इंटरनेटच्या वाटेचे चित्र काढून तिच्या प्रत्येक टप्प्यास नाव द्या.