मेखासुद्धा नावानिशी

वाचन: निर्गम ३१:१-११, ३५:२०-३५, ३८:२१-३१. गणना ४:२९-३३, ७:१-९.



जव्हार तालुक्यातल्या आमच्या पाड्यावर, मिशनच्या जुन्या धान्याच्या खोलीत एक छोटा डिझाइन स्टुडिओ सुरू झाला, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. तुमच्याच देणग्यांतून दोन जुने संगणक, एक स्कॅनर आणि पावसाळ्यात वीज गेली तरी थोडा वेळ तग धरणारा इन्व्हर्टर आला. पाड्यावर या जागेला कोणी स्टुडिओ म्हणत नाही. ‘चित्रांची खोली’ हेच तिचे नाव. वारली चित्रांवरून कॅलेंडरे, भेटकार्डे आणि कापडी पिशव्यांवरचे छाप येथे तयार होतात. छपाई नाशिकला होते. संपादकांनी मला या कामाचा वृत्तांत मागितला. लिहायला बसलो तेव्हा लक्षात आले की त्यात सांगण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट माझी एक चूक आहे, आणि ती मला पवित्र शास्त्राच्या अशा भागाने दाखवली, जो आपण सहसा पाने उलटून ओलांडतो. म्हणून वृत्तांताऐवजी हा अभ्यासपाठ.

पहिल्या दिवशी मी भिंतीवर कामांचा तक्ता लावला. खोलीत माझ्याशिवाय सहा जण होते. बारावी होऊन संगणकाचा कोर्स केलेले दोन तरुण. त्यांच्या नावांपुढे मी ‘डिझायनर’ लिहिले आणि महिन्याचा पगार ठरवला. चित्रे काढणाऱ्या चार बाया. त्यांची नावे मी लिहिलीच नाहीत. ‘मदतनीस: ४’ एवढेच लिहिले. त्यांना दिवसाची मजुरी. ग्राहकांशी बोलणे, दर ठरवणे, देणग्या घेणे आणि हिशेब लिहिणे ही चारही कामे मी स्वतःकडे ठेवली. त्या वेळी मला तो त्याग वाटला होता.

दिवाळी झाली आणि चौघींपैकी जिचा हात सर्वांत चांगला, ती नवऱ्याबरोबर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर निघाली. आमच्याकडे हे नवे नाही. भात झोडून झाले की जव्हार-मोखाड्यातली कुटुंबेच्या कुटुंबे भट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. नाताळच्या कार्डांचे काम हातात होते म्हणून मी घाईने तिच्या घरी गेलो. पाड्यावर मला सगळे ‘तू’च म्हणतात, त्यात अनादर नसतो. भांड्यांचे गाठोडे बांधता बांधता ती म्हणाली, “मी गेले तर तुझं काय अडतं, दादा? मदतनीस दुसरी मिळेल.”

तिला वाचता येत नाही. तक्ता तिला कोणीतरी वाचून दाखवला होता.

कार्डे वेळेवर गेली. तारपा नाचाचे चित्र हवे होते. आमच्या तरुणाने तिच्या जुन्या चित्रातला एक नाचणारा उचलला आणि संगणकावर तोच तीस वेळा फिरवून गोल पूर्ण केला. ग्राहकाला काही कळले नाही. बाकीच्या तिघी मात्र कार्ड पाहून हसू लागल्या. “एका आईची तीस पोरं, सगळी एका दिवशी जन्मलेली!” खरा नाच पाहिलेल्याला ठाऊक असते की साखळीतला पहिला आणि शेवटचा सारखे चालत नाहीत. पहिला वाट काढतो, शेवटचा ओढला जातो. हे ज्याच्या अंगात आहे त्याच्या हातून ते चित्रात उतरते. त्या मुलाचा दोष नव्हता. त्याला मी डिझायनर म्हटले होते, म्हणून त्याने डिझाइन केले.

आता शास्त्रभागाकडे येऊ. निर्गमाच्या ३१व्या अध्यायात निवासमंडपाच्या कामाची माणसे नेमली जातात. देव बसालेलाला नाव घेऊन बोलावतो, त्याच्या बापाचे आणि आजोबाचे नावही सांगतो. येथे देवाच्या आत्म्याने भरलेला हा मनुष्य याजक नाही, संदेष्टाही नाही. तो सोने, रुपे, पितळ, लाकूड आणि रत्ने यांचे काम करणारा कारागीर आहे. त्याच्या जोडीला अहलियाब दिला आहे. बसालेल यहूदा वंशातला, अहलियाब दान वंशातला. गणनेच्या १०व्या अध्यायात छावणी हलते तेव्हा यहूदाचे निशाण सर्वांत पुढे आणि दानाचे सर्वांत मागे चालते. पुढचा आणि मागचा एकाच कामावर, दोघेही नावानिशी. ३५व्या अध्यायात दोघांना आणखी एक देणगी दिलेली आहे, ती दुसऱ्यांना शिकवण्याची. म्हणजे प्रमुखाने काम आपल्यापुरते धरून ठेवू नये, हे नेमणुकीतच आले.

याच अध्यायात सूत कातणाऱ्या स्त्रिया येतात. निळे, जांभळे, किरमिजी सूत आणि बकऱ्यांचे केस त्यांनी कातून आणले. कुशल कारागिरांसाठी जो ज्ञानी हृदयाचा शब्द वापरला आहे, तोच त्यांच्यासाठीही आहे. तेथे कोणी ‘मदतनीस: अनेक’ असे लिहिलेले नाही.

पण मला खरा धक्का दिला तो गणनेच्या ४थ्या अध्यायाने. लेवीच्या तीन कुळांना मंडप वाहून नेण्याची कामे वाटून दिली आहेत. कहाथ कुळाकडे पवित्र वस्तू, गेर्षोनाकडे पडदे, मरारीकडे फळ्या, खांब, बैठका, मेखा आणि तणावे. पडद्यांचे आणि पवित्र वस्तूंचे ओझे मानाचे वाटते. मेखा म्हणजे तंबूच्या खुंट्या. तरी ३२व्या वचनात आज्ञा अशी आहे की मरारी कुळाला ज्या वस्तू न्यायच्या, त्या एकेक नावानिशी नेमून द्याव्यात. कोणती मेख कोणाकडे, हे ठरलेले असावे. अरण्यात एक मेख हरवली तर वाऱ्याच्या रात्री काय होते, हे तंबूत राहणाऱ्यालाच कळते. ७व्या अध्यायात सरदारांनी आणलेल्या सहा गाड्या वाटल्या आहेत. गेर्षोनाला दोन, मरारीला चार, कहाथाला एकही नाही, कारण त्याचे ओझे खांद्यावर न्यायचे होते. मोशेने प्रत्येकी दोन अशी सोपी वाटणी केली नाही. ज्याचे काम जसे, तशी त्याला साधने दिली.

मी उलट केले होते. संगणक आणि खुर्च्या तरुणांना, आणि बायांना जमिनीवर चटई. चटई त्यांना चालते असे मी धरून चाललो. विचारल्यावर कळले की बसायला चटईच बरी, पण खिडकी संगणकांमागे गेल्याने उजेड मिळत नव्हता आणि बारीक रेघेला डोळे दुखत होते. दोन्ही टेबले हलवायला दहा मिनिटे लागली.

वारली चित्रकलेचा मूळ धागा येथे लक्षात घ्यायला हवा. लग्नघरी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिणे हे सवाशिणींचे काम. १९७०च्या दशकात ही चित्रे कागदावर आली. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांच्यामुळे ती जगभर पोहोचली. २०११मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा मान योग्यच आहे. पण ज्या बायांच्या हातांतून ही कला पिढ्यान्‌पिढ्या आली, त्यांची नावे कोठे लिहिलेली नाहीत. माझ्या तक्त्याने त्यात चारांची भर घातली होती.

निर्गमाच्या ३८व्या अध्यायात हिशेब आहे. सोने २९ किक्कार ७३० शेकेल. रुपे १०० किक्कार १७७५ शेकेल, त्यातल्या १०० किक्कारांच्या १०० बैठका ओतल्या आणि उरलेल्या १७७५ शेकेलांच्या आकड्या वगैरे केल्या. पितळेचाही तसाच जमाखर्च. हा हिशेब बसालेलाने लिहिला नाही, मोशेनेही नाही. तो अहरोनाचा मुलगा इथामार याच्या देखरेखीखाली झाला. काम करणारा एक, हिशेब पाहणारा दुसरा.

हे वाचून मला लाज वाटली, कारण आदल्याच महिन्यात एका मंडळीच्या खजिनदारांनी साधा प्रश्न विचारला होता: एका कॅलेंडरच्या किमतीतले किती पैसे चित्र काढणारीला मिळतात? मला सांगता आले नाही. मी एक पैसाही खाल्ला नव्हता. पण देणगी, दर, वसुली आणि वही एकाच हातात असल्यावर ते सिद्ध करणेही शक्य नव्हते.

मे महिन्यात आम्ही सर्व जण बसून तक्ता नव्याने केला. काम आले की प्रथम ‘कामाची चिठ्ठी’ फाडायची: काय हवे, किती, केव्हा. मग चित्र कागदावर, ते स्कॅन करणे आणि साफ करणे, मजकूर बसवणे, नमुना तपासणे, छापखान्याशी बोलणे, माल पोहोचवणे, हिशेब. प्रत्येक पायरीपुढे एकच नाव. दोन नावे लिहिली की दोघेही दुसऱ्याची वाट पाहतात, हा अनुभव तुमच्या मंडळीच्या स्नेहभोजनातही आला असेल. नमुना तपासण्याचे काम चित्र काढणाऱ्या बाईकडेच गेले. संगणकाच्या पडद्यावर गेरूचा रंग एक दिसतो, छापल्यावर विटेसारखा होतो. ती छापील कागद भिंतीला लावून पाहते आणि नको म्हणते. पुन्हा छापावे लागते, खर्च होतो, पण आता तारप्याच्या नाचात तीस भावंडे दिसत नाहीत. बचत गटाची वही सांभाळलेल्या ताईंकडे हिशेब दिला. मी फक्त ग्राहकांशी बोलतो.

नाही म्हणण्याचा अधिकारही तक्त्यात लिहिला. एका ग्राहकाला लग्नपत्रिकेवर लग्नाचा चौक हवा होता, मधल्या पालघट देवीसह. पैसे चांगले होते. आमच्या खोलीत बाप्तिस्मा झालेले आहेत आणि न झालेलेही. तेथे कोणाला त्याबद्दल विचारले जात नाही. मला वाटले, आपल्याला त्या देवीशी काय करायचे, छापून द्यावे. बायांनी नकार दिला. धवलेरी गाणी म्हणते, मांडव पडलेला असतो, तेव्हा लिहायची ती गोष्ट; पत्रिका तर जेवणानंतर पायाखाली येते. दुसऱ्याची उपासना विकायची नाही, हे मला त्यांच्याकडून शिकावे लागले. ते काम गेले.

कागदपत्रांचेही सांगतो, कारण पुष्कळ मंडळ्या असे उद्योग सुरू करतात आणि येथे नकळत अन्याय होतो. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या १७व्या कलमाप्रमाणे चित्राचा पहिला हक्क चित्रकाराचा असतो. पण तो नोकरीत असेल, नोकरीचा भाग म्हणून चित्र काढले असेल आणि वेगळा करार नसेल, तर हक्क मालकाकडे जातो. म्हणजे तक्त्यावर कोणाला काय म्हटले आहे, हा केवळ मानाचा प्रश्न राहत नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. आम्ही आता मराठीत एका पानाचा करार करतो आणि तो मोठ्याने वाचून दाखवतो. हक्क चित्र काढणारीचा राहतो. चित्र पुन्हा वापरले की पुन्हा पैसे.

हे आपल्या मंडळीला अपरिचित नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी मराठी बायबलचे भाषांतर केले, तेव्हा खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामे तेथल्या स्त्रिया आणि मुलींनी शिकून केली. समाजाने टाकून दिलेल्या हातांत त्यांनी शास्त्राची अक्षरे दिली.

अभ्यासगटात हा पाठ घेताना आपल्या मंडळीच्या कामांचा एक तक्ता कागदावर काढून पाहा. कोणाचे नाव नाही? झाडलोट, चहा, खुर्च्या मांडणे यांपुढे व्यक्ती आहे की ‘महिला मंडळ’ एवढेच आहे? पैसे गोळा करणारा आणि वही लिहिणारा एकच आहे का?

ती ताई मे अखेरीस भट्टीवरून परतली. मी नवा तक्ता तिला वाचून दाखवला. चित्रांपुढे पहिले नाव तिचे होते. तिने ऐकून घेतले आणि विचारले, “पैसे कधी?” मी म्हणालो, नाताळात कार्डे आणि कॅलेंडरे विकली जातात, तेव्हा. ती म्हणाली, “घरातले तांदूळ संपतात श्रावणात. मुकादम उचल देतो तेव्हा. तुझे पैसे येतात तेव्हा मी भट्टीवर असते.”

एवढ्या वर्षांत हे माझ्या ध्यानात आले नव्हते. उचल घेतली की हंगामभर बांधले जाणे आलेच, आणि ती घ्यावी लागते ती आमच्या खोलीत काम नसते त्या दिवसांत. म्हणून तुम्हाला विनंती आहे की मंडळीचे पुढच्या वर्षीचे कॅलेंडर आणि नाताळची कार्डे ऑगस्टमध्येच ठरवा आणि अर्धी रक्कम तेव्हाच पाठवा. ती पावती आता माझ्या नव्हे, हिशेबाच्या ताईंच्या सहीची येईल.

तीन मंडळ्यांनी होकार कळवला आहे. मुकादम गणपतीनंतर पाड्यावर येतो. ताईने अजून त्याला काही सांगितलेले नाही.