एक लिटर डिझेल, एक टँकर हवा

मराठी विभागासाठी लेख मागायला मॅडम आल्या तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं होतं. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी आटपाडीची बोली आणि शाळेत इंग्रजी, मधली पुस्तकातली मराठी मला फारशी भेटलीच नाही. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. "मेकॅनिकलची आहेस तर मेकॅनिकलचंच लिही," असं मॅडम म्हणाल्या, म्हणून हा एअर फिल्टरचा लेख. विषय छोटा आहे, पण आमच्या घराला तो महागात पडला.

आटपाडी म्हणजे सांगली जिल्ह्याचं ईशान्येचं टोक, माणदेश. पाऊस सह्याद्रीवर रिकामा होऊन उरलासुरला आमच्याकडे येतो. टेंभू योजनेमुळे कृष्णेचं पाणी आलं, डाळिंबाच्या बागा वाढल्या, पण बागेपासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट अजून बऱ्याच ठिकाणी मुरमाची. त्यावर घोटाभर फुफाटा. पुढे एखादी गाडी किंवा मेंढरांचा कळप असला की समोरचं काही दिसत नाही. माझे चुलते, म्हणजे तात्या, याच वाटेवर पिकअप चालवतात. डाळिंबाचे क्रेट बागेतून आटपाडीच्या सौद्याला न्यायचे, कधी सांगोला, कधी पंढरपूर.

पहिल्या वर्षाच्या दिवाळीला मी गावी गेले. वर्कशॉपची एक टर्म झालेली, फायलिंगचा जॉब कसाबसा पास झालेला, तरी अंगात इंजिनिअर संचारला होता. तात्या म्हणाले, गाडी चढाला ओढत नाही, धूर काळा मारते. मी बॉनेट उघडलं, एअर फिल्टरचा डबा खोलला तर आत शेतच होतं. फिल्टर उचलला, पंक्चरच्या दुकानात नेला आणि कॉम्प्रेसरची नळी कागदाला टेकवून हवा मारली. बाहेरून आत, आतून बाहेर, जमेल तशी. धुळीचा लोट उठला, बघ्यांची करमणूक झाली. फिल्टर बसवला आणि गाडी खरंच पळायला लागली! तात्यांनी गल्लीभर सांगितलं, "पोरगी शिकली त्याचा उपयोग झाला बघा." त्या दिवसापासून दर पंधरवड्याला फिल्टर काढून हवा मारायचा त्यांचा नेम सुरू झाला. शिकलेल्या माणसानं सांगितलेलं म्हणजे बरोबरच असणार.

आता थोडं गणित. इंजिन डिझेलवर चालतं असं आपण म्हणतो, पण वजनानं पाहिलं तर ते मुख्यतः हवेवर चालतं. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. एक लिटर डिझेलचं वजन सुमारे 830 ग्रॅम, म्हणजे हवा झाली 12 किलो. हवेची घनता घनमीटरला 1.2 किलो धरली तर ही हवा 10 घनमीटर, म्हणजे 10,000 लिटर. दुष्काळात आमच्या गावांना येणारा पाण्याचा मोठा टँकर साधारण एवढाच असतो. एक लिटर डिझेलमागे एक टँकर हवा! आणि हे कमीत कमी, कारण डिझेल इंजिन नेहमीच गरजेपेक्षा जास्त हवा घेतं. समजा, वाटेवरच्या हवेत घनमीटरला 5 मिलिग्रॅम धूळ आहे. 50 लिटरच्या एका टाकीमागे अडीच ग्रॅम धूळ इंजिनच्या तोंडाशी येते. म्हणजे जवळजवळ अर्धा चहाचा चमचा. चांगला कागदी फिल्टर त्यातली 99 टक्क्यांहून जास्त अडवतो.

उरलेली आत गेली तर काय होतं? आमची जमीन बसाल्टची. त्यातली फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन ही खनिजं मोहच्या काठिण्यमापनात 6 च्या आसपास येतात, वाळूतलं क्वार्ट्झ 7 वर. लायनरचं ओतीव लोखंड याहून मऊ. पिस्टन रिंग आणि लायनर यांच्यामध्ये ऑइलचा जो थर असतो तो काही मायक्रॉनचाच, आणि आपला केस साधारण 70 मायक्रॉन. डोळ्यांना न दिसणारा 10 मायक्रॉनचा कण त्या थरात अडकला की दोन्ही बाजूंना ओरखडे काढत वरखाली फिरतो. व्हॉल्व्ह लॅपिंगला आपण वर्कशॉपमध्ये जी पेस्ट वापरतो ती म्हणजे तरी काय, कठीण भुकटी आणि चिकट माध्यम. धूळ आणि ऑइल एकत्र आले की इंजिनमध्ये तीच पेस्ट तयार होते.

इथे एक गंमत सांगते, जी मला सेकंड इयरला कळली. पप्पांची पेट्रोल कार आहे, इंजेक्शनवाली. तिचा फिल्टर दोन वर्षं बदलला नव्हता. मी भांडून बदलायला लावला. पप्पांनी वहीत ॲव्हरेज लिहून ठेवलं आणि पुढच्या महिन्यात वही माझ्यासमोर टाकली. फरक शून्य! मला वाटलं, त्यांची वही चुकली. पण वही बरोबर होती. अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने 2009 मध्ये हीच तपासणी करून अहवाल दिला. चोंदलेल्या फिल्टरमुळे आधुनिक इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांच्या ॲव्हरेजमध्ये सांगण्यासारखा फरक पडला नाही. फिल्टर स्वच्छ असताना फुल थ्रॉटलवर वेग घ्यायला लागणारा वेळ मात्र 6 ते 11 टक्क्यांनी कमी झाला. जुन्या कार्बुरेटरच्या गाडीत ॲव्हरेजचा फरकही दिसला, 2 ते 6 टक्के.

कारण सोपं आहे. कार्बुरेटरला हवा किती आली ते कळत नाही. फिल्टर चोंदला की आतला दाब उतरतो, पेट्रोल जास्त ओढलं जातं, मिश्रण रिच होतं, धूर काळा. गाडी स्वतःच बोंब मारायची, म्हणून मालक बॉनेट उघडायचा. इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर हवा मोजतात, ऑक्सिजन सेन्सर खात्री करतो आणि ईसीयू तेवढंच पेट्रोल सोडतो, 14.7 ला 1. चोंदलेल्या फिल्टरनं जेवढा अडथळा केला तेवढा आपला पाय थ्रॉटल थोडं जास्त उघडून भरून काढतो. आपल्याला पत्ताही लागत नाही. गाडी शहाणी झाली आणि तक्रार करायची थांबली. ॲव्हरेज उतरलं की सर्व्हिसिंग, हा आपल्या घराघरातला नियम या गाड्यांना लागू पडत नाही.

तात्यांच्या डिझेलचं याच्या उलट झालं. डिझेलमध्ये हवेचा असा थ्रॉटल नसतो, म्हणून फिल्टर चोंदला तेव्हा ओढ कमी झाली आणि धूर आला. गाडीनं प्रामाणिकपणे सांगितलं. मग मी हवा मारली आणि गाडी पळाली. का पळाली? थोडी स्वच्छतेमुळे, आणि पुढेपुढे तर कागद फाटल्यामुळे. फाटक्या फिल्टरमधून हवा सगळ्यात मोकळी जाते. दोन वर्षं तात्या म्हणत होते, "तू हवा मारायला शिकवलंस तवापासनं गाडी कशी पळतीया बघ."

गेल्या वर्षी ऐन हंगामात गाडी सकाळी स्टार्ट व्हायला रडू लागली. निळा धूर, हजार किलोमीटरला लिटरच्या वर ऑइल. मी सुट्टीला आले होते, तात्यांबरोबर गॅरेजला गेले. मिस्त्रींनी चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडलं तर चुलीसारखा धूर. कॉम्प्रेशन गॅस रिंगवरून खाली उतरत होता. मग त्यांनी फिल्टर काढला, आतून मोबाइलची बॅटरी लावली आणि मला म्हणाले, "बघ, चांदण्या दिसत्यात." कागदाच्या घड्यांमध्ये सुईएवढी भोकं होती, पाच-सहा. फिल्टरच्या पुढच्या नळीत बोट फिरवायला सांगितलं. जिथे एक कणही नको तिथे माझं बोट मातकट झालं.

"कुणी मारली एवढी हवा?" मिस्त्रींनी विचारलं.

"पंक्चरवाल्याच्या पोरानं," तात्या म्हणाले. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मी तिथे काही बोलले नाही. परत येताना एसटीत बसेपर्यंत बोलायचं राहिलंच. लायनर, पिस्टन, रिंगा, मजुरी मिळून साठ हजारांच्या वर गेले आणि गाडी तीन आठवडे उभी. माल दुसऱ्याच्या गाडीनं भाड्यानं गेला. फिल्टरची किंमत चारशे रुपये होती. हॉस्टेलला आल्यावर फोन करून सांगितलं, तात्या, ते माझ्यामुळे झालं. ते म्हणाले, "म्हाईत हाय की. तुझं नाव मिस्त्रीला कशाला सांगायचं?"

मग मी गाडीचं मॅन्युअल आधीच वाचायला हवं होतं ते आत्ता वाचलं. कागदी फिल्टर बदलण्याचीच वस्तू आहे. झटकायचाच असेल तर दाब कमी, साधारण 30 पीएसआयच्या आत, नळी लांब, आणि हवा फक्त आतून बाहेर. पंक्चरच्या दुकानातला दाब याच्या तिप्पट-चौपट असतो. आणि आणखी एक गोष्ट जी मला कोणी सांगितली नव्हती: कोरा फिल्टर धूळ अडवण्यात सगळ्यात कच्चा असतो. कागदावर धुळीचा पातळ थर बसला की तो थरच बारीक कण अडवायला लागतो. म्हणजे आम्ही दर पंधरवड्याला तो थर उडवत होतो, शिवाय डबा उघडला की कडेची धूळ नळीत सांडते ती वेगळी.

आजोबांच्या विहिरीवरच्या जुन्या इंजिनाला ऑइल-बाथ फिल्टर होता. हवा ऑइलच्या वाटीवरून वळायची, जड धूळ वाटीत बसायची. वाटीत चिखल झाला की ओतून द्यायचा, नवं ऑइल घालायचं. फाटायला काही नव्हतंच. पण कागदाइतका बारीक कण तो अडवत नाही, त्यामुळे जुनं ते सोनं असंही मी म्हणणार नाही.

मॅन्युअलमध्ये मागच्या बाजूला 'सिव्हिअर कंडिशन' नावाचं एक पान असतं. धुळीचा रस्ता, जड माल, सारख्या छोट्या फेऱ्या असल्या तर ऑइल आणि फिल्टर नेहमीपेक्षा लवकर बदला, असं त्यात लिहिलेलं असतं. आपण पुढचं पान वाचतो, कारण तिथला आकडा मोठा असतो. आटपाडीची प्रत्येक गाडी मागच्या पानावरची आहे. ऑइलचा रंग बघून ठरवू नका, डिझेलचं ऑइल काजळीनं काही दिवसांतच काळं होतं, त्यात काही वाईट नाही. डिपस्टिकवर पातळी बघा आणि किलोमीटर मोजा. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नका. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यानं चहाच्या पातेल्याला पांढरा थर चढतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत चढतो. टायरच्या हवेबद्दल सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बघत नाही, हॉस्टेलच्या स्टँडवरच्या गाड्या पाहिल्या की समजतं.

मे महिन्यात गावी गेले तेव्हा तात्यांनी बॉनेट उघडून दाखवलं. फिल्टरच्या डब्यावर, क्रेटवर नाव घालायच्या पांढऱ्या रंगानं, त्यांनी बदलल्याची तारीख आणि किलोमीटर लिहिलेत. त्याखाली मोठ्या अक्षरात: हवा मारू नये.

"आता हे वाचून गल्लीतली पोरं इचारत्यात, का मारू नये," तात्या म्हणाले. "तू सांग त्यास्नी. मला ते मायक्रॉनचं जमत न्हाय."