अणी, अग्र आणि एकाग्र

हरिपाठाला बसलो की मन एकाग्र होत नाही, ही तक्रार आपण फडाफडांतून ऐकतो. पण ‘एकाग्र’ म्हणजे काय, हे आधी नीट पाहू या.

सुरीच्या पात्याला धार असते आणि अणी असते. दोन्ही शब्द आपण पुष्कळदा एकाच अर्थी वापरतो, ते बरोबर नाही. धार म्हणजे पात्याची लांब कड, ती कापते. अणी म्हणजे पात्याचं निमुळतं टोक. ते आत शिरतं. भाल्याची अणी, सुईची अणी, बाभळीच्या काट्याची अणी म्हणावं. विळ्याची मात्र धार. कठोपनिषदाने परमार्थाची वाट वस्तऱ्याच्या धारेसारखी सांगितली आहे. तिथे चालायचं आहे, म्हणून धार. अणीवर कोण चालणार!

ह्या अणीला संस्कृतात ‘अग्र’ म्हणतात. दुर्योधनाने सुईच्या अग्रावर मावेल एवढीही भूमी पांडवांना नाकारली, तोच हा शब्द. दर्भाच्या टोकासारखी तीक्ष्ण बुद्धी ती कुशाग्र. टोक नेहमी पुढे, म्हणून ‘पुढचा, पहिला’ हाही अर्थ आला : अग्रपूजेचा मान पहिला, आणि निवृत्तिनाथ हे ज्ञानोबारायांचे अग्रज.

आता एकाग्र. गीतेच्या ६ व्या अध्यायाच्या १२ व्या श्लोकात मन एकाग्र करायला सांगितलं आहे. ज्याला एकच अग्र आहे ते एकाग्र. मन रिकामं करा, असा ह्या शब्दाचा अर्थ नव्हे. नामदेवराय शिंप्याच्या कुळातले. शिंप्याची सुईच पाहा ना. बोटाचा सारा जोर अणीएवढ्या जागेत एकवटतो, म्हणून ती जाड कापडातून पार जाते. अणी बोथटली की तोच जोर पसरतो आणि सुई अडते. शिवाय अणी सुईपासून सुटी काढता येत नाही. मागे सबंध सुई असते, नेढं असतं, नेढ्यात दोरा असतो. शेतीवाडी, लेकरंबाळं मनात आहेत म्हणून आपल्याला हे जमायचं नाही, असं म्हणणाऱ्यांनी ह्या शब्दाकडे पुन्हा पाहावं. ते सारं मागे असू द्या. पुढे टोक एकच, नामाचं.

उलट शब्द ‘व्यग्र’. ज्याची टोकं निरनिराळ्या दिशांना फुटली ते व्यग्र. आज आपण ‘कामात व्यग्र’ म्हणतो तेव्हा माणूस कामात गढलाय असं सुचवतो. मुळात मात्र तो शब्द ओढाताणीचा. दिंडीत टाळ हातात आणि चित्त राहुटी कुठे पडली, पंगत केव्हा बसणार, ह्याकडे, तर तो वारकरी मूळ अर्थाने व्यग्र.